बारा कड्या आणि टेपताईचं घर

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या पडद्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाई. ज्यांच्या एका सहीकडे आम्ही सगळे आठवडाभर डोळे लावून बसलो होतो, त्या बँकेच्या कर्ज विभागातल्या अधिकारी मॅडम, आजच्या आपल्या प्रमुख पाहुण्या. आजची सत्कारमूर्ती, म्हणजे तुमची-आमची टेपताई. तिचे यजमान, ज्यांना मी पहिल्या भेटीपासून जावईबापू म्हणते आणि ते बिचारे निमूटपणे ऐकून घेतात. त्यांची कन्या, जी खुर्ची सोडून अस्तराच्या ताग्यावर पाय सोडून बसली आहे. आणि शिलाईवरच्या, इस्त्रीवरच्या, गोंड्यांवरच्या माझ्या सगळ्या बायांनो, आणि अधूनमधून दिसणाऱ्या बाप्यांनो, सगळ्यांना माझा नमस्कार!

मान्यवरांना एक विनंती. हे व्यासपीठ म्हणजे माझं कापणीचं टेबल आहे. त्याचा डावा पाय जरा कच्चा आहे. टाळ्या वाजवा, पण हात आपटू नका.

मालकीणबाईंनी मला बजावलंय की थोडक्यात आटपा. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईने सगळा जन्म कापड काटकसरीने कापण्यात घालवला, तिने एक दिवस तरी सढळ हाताने बोलू नये का? बोलावं ना? झालं तर मग. आज मी खूश आहे. इतकी खूश आहे की सकाळी चहात साखर दोनदा घातली आणि तशीच प्यायले.

टेपताईला टेपताई का म्हणतात, हे पाहुण्यांना सांगायला हवं. गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं आणायची, हे तिचं काम. टेप कायम गळ्यात. माप घेणार तीन ठिकाणी, वर, मध्ये आणि खाली, कारण तिच्या मते जगात सरळ खिडकी अजून कुणी बांधलेलीच नाही. ती म्हणाली माप इतकं, की मी डोळे मिटून कातर चालवायची. लोकांच्या किती घरांत ती शिरली असेल! कुणाचा दिवाणखाना, कुणाची झोपायची खोली, कुणाच्या नव्या बाळाची खोली. आणि संध्याकाळी परत कुठे, तर भाड्याच्या खोलीत. तीही किती दिवस? घरमालकाचा मुलगा लग्न करणार म्हणून एक सोडली, भाडं वाढलं म्हणून दुसरी सोडली. खोल्या बदलल्या तशा पोरीच्या शाळा बदलल्या. नवीन वर्गात गेलं की ही पोर ओळख करून घ्यायचीच थांबली होती. म्हणायची, कशाला, परत जायचंच आहे. हे टेपताईने मला सांगितलं तेव्हा ती हसून सांगत होती, पण मला काही हसू आलं नाही.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत हिने जाहीर केलं, "मावशी, आम्ही घर घेतोय."

"कुठे बघितलंस?"

"बघितलं नाही अजून. डिपॉझिट जमवतोय."

आता खरं सांगते, आमच्यात निम्म्या जणींना डिपॉझिट म्हणजे भाड्याच्या खोलीचं, एवढंच माहीत. एक जण म्हणालीसुद्धा, "मग घर सोडताना परत मिळेल की!" तेव्हा टेपताईने डबा बाजूला सारला आणि आमची शाळा घेतली. घराच्या किमतीतला काही हिस्सा आपण आधी आपल्या खिशातून द्यायचा, बाकीचा बँक देते. आपला हिस्सा जितका मोठा, तितकं कर्ज लहान, हप्ता लहान, आणि बँकही जरा प्रेमाने बोलते. मॅडम, बरोबर सांगतेय ना? मॅडम मान हलवताहेत. म्हणजे आमची शाळा वाया गेली नाही.

जावईबापू लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस हिशेबाचा पक्का. त्यांनी बसून डिपॉझिटचा आकडा काढला, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, एवढे जमले की झालं. आमच्या बाईसाहेबांनी तो आकडा बघितला आणि काय म्हणाल्या? "ही नुसती खिडकीची रुंदी झाली. चुण्या कुठे आहेत? खालची दुमड कुठे आहे?"

बघा, आपल्या धंद्यातलं कुणालाही विचारा. खिडकीच्या रुंदीएवढंच कापड घेतलं तर त्याला पडदा म्हणत नाहीत, चादर वाळत घातली म्हणतात. दुप्पट कापड लागतं. वर पट्टी, खाली दुमड. तसंच हे. वकील आहे, नोंदणीचा खर्च आहे, घराची तपासणी आहे, सामान हलवायचा टेम्पो आहे, आणि आत गेल्यावर नळ गळत असेल तर तो आहे. टेपताईने हे सगळं त्या आकड्यात मिळवलं तेव्हा जावईबापूंचा चेहरा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा झाला. हसू नका, ते समोर बसलेत!

पण त्या दिवसापासून दोघं जे कामाला लागले! पगार झाला रे झाला की घराचे पैसे आधी वेगळ्या खात्यात जायचे, मग उरेल त्यात महिना. उलटं कधी केलं नाही. उरेल ते साठवू म्हटलं तर कुणाच्या घरात काय उरतं हो? सुट्टीत फिरायला जाणं बंद. जावईबापूंचं ड्रिल मशीन बिघडलं, तर नवं घ्यायला हिने साफ नकार दिला. त्यांनी ते गुपचूप घेतलं आणि कामावरच्या कपाटात लपवलं. जावईबापू, हे तिला अजून माहीत नव्हतं का? अरे देवा. बरं, ते घरी गेल्यावर बघा तुम्ही दोघं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आमची भिशी. मी इथली सगळ्यात जुनी, म्हणून ती माझ्याकडे. आम्ही बाराजणी. दर महिन्याला प्रत्येकीने सारखे पैसे द्यायचे, आणि एकीने सगळे उचलायचे. बारा महिन्यांत बाराजणींची पाळी होते. पण आमच्या भिशीला ना वही ना कागद. आमच्याकडे एक जुना पडद्याचा दांडा आहे, त्यात बारा कड्या. प्रत्येकीच्या कडीला वेगळ्या रंगाचा दोरा. जिची भिशी उचलून झाली तिची कडी डावीकडे सरकवायची. संपला हिशेब! वर्षानुवर्षं चाललंय, कधी वाकडा शब्द नाही. टेपताईने सांगून ठेवलं होतं, माझी कडी शेवटची. आधी हातात आले तर खर्च होतील, शेवटी आले तर घराला लागतील.

घर कसं मिळालं तीही गंमतच. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी. बघायला गेली आणि सवयीने गळ्यातला टेप काढून लागली खिडकी मोजायला. वर, मध्ये, खाली. विकणाऱ्या गृहस्थांना वाटलं, या बाई इंजिनियर आहेत की काय! घाबरून आपणहूनच सांगायला लागले, त्या भिंतीला पावसात थोडी ओल येते, गॅलरीचा दरवाजा जरा घासतो. टेपताई आपली मोजतच राहिली. किंमत तिथल्या तिथे खाली आली. इंजिनियरची फी वाचली असं मात्र समजू नका, तिने खरा इंजिनियर नंतर नेलाच.

सगळं कसं झकास जुळून आलं. भाड्याच्या खोलीचा मालक शाळेचं वर्ष संपलं की जागा सोडा म्हणाला होता, आणि त्याच सुमाराला टेपताईची शेवटची भिशी. आम्ही काय करावं? आनंदाच्या भरात आम्ही ते सगळे पैसे रोख, नव्या कोऱ्या मखमलीच्या पिशवीत घातले, वर सोनेरी गोंडा बांधला आणि टाळ्यांच्या गजरात तिला दिले. तिनेही दुसऱ्या दिवशी सगळे एकदम खात्यात भरले. कर्जाची फाइल बँकेत, आणि खात्यात अचानक हा मोठा गठ्ठा. पिशवी अप्रतिम झाली होती, एवढंच मी म्हणेन.

दोन दिवसांनी टेपताईने मला एका खिडकीचं माप सांगितलं. मी कातर उचलली आणि थांबले. खिडकी उंच कमी आणि भिंतीत खोल जास्त! मी तिच्याकडे बघितलं तर तोंडावर रंग नाही.

"बँकेतून फोन होता. हे पैसे कुठून आले विचारतात. उसने घेतलेले असतील तर कर्ज मिळणार नाही."

"उसने कसले? तुझेच आहेत की!"

"कागद दाखवा म्हणतात, मावशी. शुक्रवारपर्यंत. शुक्रवार चुकला तर विकणारे ते घर दुसऱ्याला देणार. त्यांचं गिऱ्हाईक तयार आहे."

कागद! आमच्याकडे कागद कुठला? आमच्याकडे दांडा!

आता मी अध्यक्षांचं जाहीर कौतुक करणार आहे, त्यांनी कृपया मान खाली घालू नये. छप्पर गळत होतं तेव्हासुद्धा ज्यांनी मशीन थांबवू दिली नाही, त्या मालकीणबाई खुर्चीवरून उठल्या, मुख्य बटण खाली केलं आणि म्हणाल्या, "चला, सगळ्यांनी बँकेत चला." मला आधी वाटलं वीज गेली.

ती वरात डोळ्यांसमोर आणा. पुढे मालकीणबाई, मध्ये पांढरीफटक टेपताई, मागे आम्ही, आणि माझ्या खांद्यावर दांडा. बसचा कंडक्टर म्हणाला, लांब सामानाचं तिकीट पडेल. बँकेच्या रखवालदाराने हात आडवा केला.

"हे काय आहे?"

"भिशी."

त्याने इतक्या वर्षांच्या नोकरीत हे उत्तर पहिल्यांदाच ऐकलं असावं. तो बाजूलाच झाला.

मॅडम तेव्हा काचेच्या खोलीत बसल्या होत्या. आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागलो. मी दांडा त्यांच्या टेबलावर आडवा ठेवला, कड्या खणखणल्या, शेजारच्या टेबलावरचे साहेब उठून उभे राहिले. मॅडमनी सगळं ऐकलं. प्रत्येक कडी कुणाची तेही विचारलं. आणि मग म्हणाल्या, "मावशी, मला पटलं. पण दांडा फाइलला लावता येत नाही."

मला राग आला. येणारच! मी म्हटलं, "म्हणजे आम्ही बाराजणी खोटं बोलतोय?"

तेव्हा मॅडम काय म्हणाल्या, ते मी आज सगळ्यांसमोर सांगते, कारण इथल्या बऱ्याच पोरी आता घराचा विचार करायला लागल्यात. त्या म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलत नाही. पण समजा हे पैसे उसने असते, आणि उद्या तुम्ही परत मागितले, तर ताईंनी आधी कुणाला द्यायचे, तुम्हाला की बँकेला? दोन्हीकडचे हप्ते भरताना त्यांचं घर गेलं तर? ते होऊ नये म्हणूनच विचारतोय." बाईचं बरोबर होतं. मी दांडा उचलून मांडीवर घेतला.

मग त्यांनीच वाट दाखवली. टेपताईने दर महिन्याला खात्यातून भिशीसाठी पैसे काढल्याच्या नोंदी होत्या, त्या एक. आणि बाकीच्या अकराजणींनी लिहून सही करायची, की हे तिचेच साठवलेले पैसे तिला परत मिळालेत, आमचा त्यावर काही हक्क नाही. दहाजणी तिथेच बसलो होतो, पेन हातोहात फिरलं. अकराव्या सहीपाशी येऊन अडलं.

ती अकरावी सही गोंडेवालीची. ती शेवटच्या रांगेत बसली आहे, खांबाआड. लपू नकोस, मी नाव घेणारच आहे. सोनेरी गोंडे करावेत तर हिने. वर्षभरापूर्वी एका मोठ्या हॉटेलचे पडदे वीतभर आखूड झाले, सगळा माल परत आला. गोंडेवाली म्हणाली माप चुकलं, टेपताई म्हणाली झालर लावताना दुमड जास्त घेतली. दोघी इतक्या भांडल्या की ही काम सोडून दुसरीकडे गेली. भिशीचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला माझ्या हातात आणून द्यायची, टेपताई इमारतीत नसताना.

आम्ही तिच्याकडे गेलो गुरुवारी. मी वर गेले, टेपताई आणि जावईबापू खाली जिन्यापाशी थांबले. मी सगळं सांगितलं. गोंडेवालीने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि खिडकीतून खाली वाकली.

"ए! सही करते. आधी एक सांग, त्या हॉटेलचं माप तुझं चुकलं होतं की नाही?"

मी मनात म्हटलं, हो म्हण बाई, हो म्हण! एक शब्द तर आहे. उद्या शुक्रवार आहे, पोरीची शाळा आहे, सगळं घर त्या एका शब्दावर आहे. खाली जावईबापू दोन्ही हातांनी हिला खुणा करत होते.

टेपताईने वर बघितलं. डोळे भरलेले. आणि ओरडून म्हणाली, "नाही चुकलं! सही कर नाहीतर नको करूस. माप बरोबर होतं!"

संपलं, मला वाटलं. गोंडेवाली आत वळली आणि तिने शांतपणे सही केली. मी बघतच राहिले. ती म्हणाली, "आज हिने हो म्हटलं असतं ना मावशी, तर मी हा कागद फाडला असता. अडल्यावर खोटं बोलणाऱ्या बाईसाठी मी लिहून कसं देऊ, की हिचे पैसे खरे आहेत?" मग चपला घातल्या आणि खाली गेली. खाली काय झालं ते मी सांगणार नाही, दोघी मला मारतील. एवढंच सांगते, की माप कुणाचं चुकलं हे अजून ठरलेलं नाही, आणि गोंडेवाली परत आपल्याकडे कामाला आली आहे.

शुक्रवारी कागद पोचले. मॅडमनी सही केली. फोन आला तेव्हा मशीन चालू होत्या, मी टेबलावर चढून ओरडले, "घर झालं!" टेबलाच्या त्या डाव्या पायाची जरा नीट चौकशी केलीत तर कळेल, तो तेव्हापासूनच कच्चा आहे. अहो, काय आनंद झाला होता! जणू आम्हा बाराजणींचं घर झालं. ज्या पोरींनी कधी महिनाअखेरीला काही मागे टाकलं नव्हतं, त्या दुसऱ्या दिवशी मला विचारत होत्या, मावशी, वेगळं खातं कसं उघडतात?

आता घर लांब. इथे यायचं-जायचं म्हणजे दिवस त्यातच जाईल. म्हणून टेपताई तिकडच्या दुकानात जाते आहे. मला वाईट वाटतंय, खूप वाईट वाटतंय, आणि मी ते लपवणार नाही. नवी पोरगी मापं आणते, चांगली आणते, पण मी ती दोनदा विचारते. टेपताई, तुला कधी दोनदा विचारावं लागलं नाही गं. पण तू इथेच राहावंस असं मला एका क्षणालाही वाटत नाही. जा! धावत जा!

परवा मी तिच्या घरी गेले होते, पडदे लावायला. पडदे अर्थातच आपल्या सगळ्यांकडून. जावईबापू शेजाऱ्यांकडून ड्रिल आणायला उठले, तर ही म्हणाली थांबा, आधी एक खिळा मी ठोकणार. मला कळेना, पडद्याला ड्रिल लागतं, खिळा कशाला? तर म्हणाली, लग्न झाल्यापासून जेवढ्या खोल्या केल्या, तेवढ्या घरमालकांनी एकच अट घातली, भिंतीला खिळा मारायचा नाही. आमचं कॅलेंडर इतकी वर्षं कपाटावर पडून आहे. तिने स्टूल घेतलं. टेपने मोजलं, वर, मध्ये, खाली. पेन्सिलीने खूण केली. हातोडी उचलली आणि पहिलाच घाव इतका जोरात घातला, की खिळा खुणेपासून बोटभर बाजूला, आणि तोही तिरका. थोडा गिलावासुद्धा पडला. पोर खालून म्हणाली, "आई, वाकडा गेला."

मी म्हटलं, आता ही तो उपटणार आणि नव्याने मोजणार. मी ओळखते ना हिला. पण ती स्टुलावर तशीच उभी राहिली, खिळ्यावर बोट ठेवून. आणि म्हणाली, "जाऊ दे गं. आपल्याच भिंतीत गेलाय."

मंडळी, मशीन बंद ठेवून अर्धा दिवस दिल्याबद्दल मालकीणबाईंचे, नियम सांगताना माणूस न विसरल्याबद्दल मॅडमचे, आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना कुणाला टोचलं असेल, काही जास्तीचं बाहेर आलं असेल, तर तुम्ही सगळे शिवणारी माणसं आहात. तेवढं आत दुमडून घ्या आणि मला माफ करा. टेपताई, सुखाने राहा!